किल्ला उत्तरेला, लू पश्चिमेकडून

ग्वाल्हेरच्या लष्कर आणि मुरार या भागांत लोकांची घरं लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, पडद्यांना कुठला रंग घेऊ? आता विचारतं, पितळी कासवाचं तोंड कुठे करू? फेंगशुईची पुस्तकं मीही वाचली आणि त्यांतलं पुष्कळ वापरते. मात्र त्यानं नशीब उघडतं का, हे मला विचारू नये. उन्हाळ्यात झोप लागते का, आल्यागेल्याला घरात बसावंसं वाटतं का, एवढ्यापुरतीच हमी मी घेते. पुढचे बोल ग्वाल्हेरच्या घरांनी शिकवलेले आहेत. पुण्या-नाशिककडच्यांनी ते आपापल्या वाऱ्याप्रमाणे फिरवून घ्यावेत.

१. डोंगर कुणाच्या बाजूचा, ते आधी ठरवा

फेंगशुईचा पहिला धडा असा की घराच्या पाठीशी डोंगर असावा, पुढे मोकळं असावं आणि जवळून पाणी वाहावं. चीनमध्ये पाठ म्हणजे उत्तर, कारण हिवाळ्यात मंगोलियाकडून हाडं गोठवणारा वारा येतो. बीजिंगच्या राजवाड्यामागे आयता डोंगर नव्हता, तर पंधराव्या शतकात खंदक खणून निघालेल्या मातीची जिंगशान टेकडी रचली त्यांनी. एवढी त्यांना उत्तरेची धास्ती.

आता आमचं लष्कर बघा. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी घातली आणि ती उठलीच नाही, तिचंच शहर झालं. उत्तरेला किल्ल्याचा लांबच लांब कातळ, समोर सपाटी, मधून स्वर्णरेखा नदी. (आता ती सिमेंटमध्ये बांधलेला नाला आहे, पण नाव अजून सोन्याचं.) चिनी पुस्तकाप्रमाणे ही जागा पैकीच्या पैकी गुण मिळवणारी. आपलं वास्तुशास्त्र मात्र सांगतं की उत्तर आणि पूर्व सखल नि हलकी हवी, जड आणि उंच ते नैर्ऋत्येला. म्हणजे तोच किल्ला, त्याच घरापासून, एका शास्त्रात वरदान आणि दुसऱ्यात दोष.

जनकगंजातल्या एका घरी दोन सल्लागार एकाच दिवशी आले होते, एक सुनेनं बोलावलेला, एक सासऱ्यांनी. दोघांनी गच्चीवर उभं राहून किल्ल्याकडे बोट दाखवलं आणि नेमकं उलट सांगितलं. ते गेल्यावर त्या घरचा मुलगा मला म्हणाला, "काकू, मग किल्ला ठेवायचा की हलवायचा?" मी म्हटलं, "तू आधी मे महिन्यात ऊन कुठल्या भिंतीवर येतं ते सांग."

दोन्ही शास्त्रांतल्या दिशा आकाशातून पडलेल्या नाहीत. कुठल्या तरी गावच्या वाऱ्याला आणि उन्हाला दिलेलं ते उत्तर आहे. आपण उत्तर उचलतो आणि प्रश्न तिथंच सोडून येतो. ग्वाल्हेरला उत्तरेचा वारा मारत नाही. मारतो तो पश्चिमेचा, उन्हाळ्यातली गरम लू.

२. दिशा मोबाइलवर पाहू नका

लोखंडाजवळ होकायंत्राची सुई भरकटते. लष्करातली जुनी घरं गर्डर-पटियाची, म्हणजे लोखंडी गर्डरवर दगडी फरशा टाकून केलेल्या छताची. नवे फ्लॅट सळ्यांच्या पिंजऱ्यात. एकाच खोलीत चार पावलं चाललं तरी फोनमधली उत्तर सरकते. त्या सरकत्या उत्तरेवर लोक देवघर हलवतात!

त्यापेक्षा २१ मार्चच्या किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास सकाळी गच्चीवर जा. सूर्य उगवतो ती पूर्व. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या वर आहे, त्यामुळे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच राहतो. जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर, डिसेंबरात बराच खाली झुकलेला. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला की उन्हाळ्याचं ऊन बाहेर अडतं आणि थंडीचं आत येतं. एवढ्या खर्चात एवढं देणारी दुसरी वस्तू मला कुठल्याच दुकानात मिळालेली नाही. पश्चिमेला मात्र छज्ज्याचा उपयोग नाही. तिथं ऊन आडवं घुसतं. तिथं चिकाचा पडदा, झाड किंवा सरळ भिंत.

३. पलंगाचं शास्त्र खरं आहे, पण भिंत निवडून

पलंगावरून दार दिसावं, पण पलंग दाराच्या थेट रेषेत नसावा. डोक्यामागे भक्कम भिंत असावी. डोक्यावर तुळई नसावी. फेंगशुईतलं हे मला सगळ्यांत पटलेलं. दाराकडे पाठ करून कुणाला गाढ झोप लागत नाही, हे कुत्र्यालाही कळतं.

पण ग्वाल्हेरला दोन अडचणी येतात. पहिली भिंतीची. मी कोल्हापूरहून लग्न होऊन इथं आले. आमच्याकडे पश्चिमेची खिडकी म्हणजे वारा, पाऊस, सुख. इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात मी अंथरूण पश्चिमेच्या भिंतीशी घालत होते, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिला डोकं काय लावतेस, ती आत्ता ओकायला लागेल." आणि भिंत खरंच ओकायला लागली. दुपारपासून पंचेचाळीस अंशांत तापलेली वीट रात्री दहा-अकराला आत उष्णता सोडायला लागते, ती पहाटेपर्यंत. हात लावला तर तव्याची आठवण यावी. घरातली 'भक्कम' भिंत हीच असेल तर भक्कमपणा चुलीत घाला आणि पलंग पूर्वेच्या किंवा मधल्या भिंतीला लावा.

दुसरी अडचण गर्डरची. पुस्तक म्हणतं, तुळईखाली झोपू नका. पटियाच्या छताला पंख्यासाठी भोक पाडता येत नाही, फरशी चिरते. पंखा गर्डरलाच लटकतो. मग पंख्याखाली पलंग म्हणजे गर्डरखाली पलंग. फेंगशुई ऐकावी तर पंखा सोडावा लागतो, आणि जूनमध्ये ग्वाल्हेरला पंखा सोडणारा सल्लागार मी तरी पाहिला नाही. मी छताला एक पांढरं कापड ताणून लावते, गर्डर दिसत नाही. मानेवर काही तरी लोंबतंय असं वाटणं थांबलं की काम झालं.

डोक्यावरच्या ओझ्याची भीती शिंद्यांच्या जयविलास महालालाही होती म्हणा. दरबार हॉलची दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांच्या घरातली. ती टांगण्याआधी छत पेलेल का हे पाहायला वर हत्ती चढवले, असं सांगतात. हत्ती किती, ते सांगणाऱ्याच्या मूडवर.

४. उजेड म्हणजे चांगलं, हे उत्तरेकडचं मत आहे

पुस्तकांत दर दुसऱ्या पानावर असतं की घरात भरपूर उजेड खेळू द्या, मोठ्या खिडक्या ठेवा, काच ठेवा. ज्यांच्याकडे सहा महिने ढग असतात त्यांनी ते लिहिलंय.

बाबर १५२८ मध्ये ग्वाल्हेरला आला होता. मानसिंह तोमराचा महाल त्यानं हिंडून पाहिला, कारागिरीची तारीफ केली, आणि खोल्या अंधाऱ्या नि गैरसोयीच्या आहेत असंही आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. बरोबरच आहे, फरगाण्यात जन्मलेला, काबूलहून आलेला माणूस. तो अंधार कशासाठी आहे हे कळायला मे महिन्यात त्या महालाच्या तळघरात उतरावं लागतं. या महालाचे, म्हणजे मानमंदिराचे, दोन मजले जमिनीखाली आहेत. वर कातळ भाजत असतो आणि खाली दगडाला हात लावला तर गार. जाळीतून येणारा उजेड वाचण्यापुरता नाही, पण पडून गप्पा मारण्यापुरता नक्की आहे.

घरात हेच करायचं. एप्रिल ते जून सकाळी नऊला खिडक्या बंद, जाड पडदे ओढलेले. संध्याकाळी सूर्य गेल्यावर सगळं उघडं टाकायचं. ज्यांना हा अंधार उदास वाटतो त्यांना मी एका कोपऱ्यात पिवळसर दिव्याची लहानशी बैठक करून देते. सगळी खोली उजळायची गरज नसते, माणूस बसतो तेवढी जागा पुरते. एका नव्या वसाहतीतल्या बंगल्यात दिवाणखान्याला पश्चिमेची आख्खी भिंत काचेची होती. फार देखणी. मालकीणबाई दुपारी तिथं फिरकत नाहीत. मागच्या लहानशा खोलीत चटई टाकून बसतात, आणि पाहुणा आला की एसी सुरू करून अर्ध्या तासानं त्याला आत घेतात.

५. कूलरची जागा ठरल्याशिवाय सोफ्याची ठरवू नका

फेंगशुईवाले दिवाणखान्यात कारंजं ठेवायला सांगतात. इथलं पाणी तिघ्रा धरणातून येतं आणि पाऊस कमी झाला की एक दिवसाआड येतं. बोअरचं पाणी इतकं क्षारयुक्त की कारंज्याच्या दगडावर महिन्याभरात पांढरे थर चढतात. मग ते कारंजं बंद पडतं, त्यात किल्ल्या आणि बिलं जमा होतात. तशी कारंजी मी किती तरी घरांत पाहिली.

वारा आणि पाणी यांचा इथला खरा हिशेब कूलरशी आहे. कूलर खिडकीत बसतो, म्हणजे खिडकी गेली. त्याच्या समोरून हवा बाहेर पडायला वाट हवी. ती नसेल तर खोलीत दमट कोंडी होते, पापड मऊ पडतात आणि माणसं चिडचिडी होतात. मला हे एका कूलरवाल्या मिस्त्रीनं शिकवलं. एका घरी सगळी दारं लावून कूलर सुरू केला होता. तो आत आला, नाकानं वास घेतला, समोरचं दार पाव उघडं केलं आणि म्हणाला, "बाई साहब, हवा मेहमान है, जाने का रास्ता नहीं दोगे तो बैठ जाएगी, सड़ेगी." पाच मिनिटांत खोली बदलली. हवा वाहती राहावी याच्यावर फेंगशुईत पानंच्या पानं आहेत, पण त्या मिस्त्रीएवढं थोडक्यात कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा क्रम असा. आधी कूलरची खिडकी, मग तिच्यासमोरची निकासाची वाट, ती वाट अडणार नाही अशी कपाटं, आणि झोताच्या जरा बाजूला बसायची जागा. खसच्या जाळ्या, म्हणजे आपला वाळा, दरवर्षी नव्या घाला. पहिल्या दिवशीच्या वासासाठी तरी. आणि टाकी आठवड्याला एकदा पूर्ण रिकामी करून पुसा. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस घेतो. त्याच्या आत पाणी काढलं की तो संपला. काचेच्या भांड्यातल्या त्या 'लकी बांबू'लाही हाच नियम.

गळका नळ म्हणजे गळकी संपत्ती, असं फेंगशुई म्हणते. इथं ते शब्दशः खरं आहे. टँकर मागवून बघा.

६. दारातून घर दिसता कामा नये

लष्करातल्या जुन्या वाड्यांत दिंडी दरवाजातून शिरलं की देवडी लागते आणि तिथं वळावं लागतं. रस्त्यावरून चौक दिसत नाही, चौकातलं तुळशीवृंदावन तर नाहीच. इकडचे लोक या मधल्या जागेला पौर म्हणतात. चिनी चौकांच्या घरातही दारामागे एक आडवी भिंत असते. भुतं सरळच चालतात, त्यांना वळता येत नाही, असा त्यांचा समज. आमच्याकडे भुतांऐवजी पाहुणे म्हणा. सुनेला पदर सावरायला वेळ मिळावा, जेवणाची पानं उचलायला वेळ मिळावा, एवढीच ती व्यवस्था.

फ्लॅटमध्ये दार उघडलं की थेट न्हाणीघर दिसतं किंवा समोरच्या बाल्कनीतून आरपार आकाश. ऊर्जा निघून जाते की नाही, ते असो. घरात शिरल्यासारखंच वाटत नाही. एक उभी जाळी पुरते. ग्वाल्हेरच्या दगडात जाळी कोरणारे कारागीर अजून आहेत. ती परवडत नसेल तर लाकडी, तीही नको तर उंच चप्पल-कपाट आडवं लावा. चपलांचा ढीगही त्याच्या मागे जातो.

दाराच्या सजावटीसाठी चीनपर्यंत जायची काय गरज? इथं लग्नघराच्या दाराशी भिंतीवर गणपती, हत्ती, घोडेस्वार रंगवणारे चितेरे आहेत, लष्करात त्यांच्या नावाची चितेरा ओळ आहे. एका घरी मी दाराशेजारी आरशाऐवजी चितेऱ्याकडून दोन हत्ती काढून घेतले. शाळेतून येणारी मुलं जाता-येता सोंडेला हात लावतात, तेवढा भाग काळपट झालाय. घरच्यांनी तो पुन्हा रंगवू दिला नाही.

७. 'वर्षभर लागलं नाही ते टाका' हे इथं चालत नाही

अडगळ काढा, हे फेंगशुईचं मला मान्य. पण ग्वाल्हेरला दोन हवामानं आहेत आणि दोन्ही टोकाची. रजया आठ-नऊ महिने लागत नाहीत, आणि जानेवारीत धुकं पडून पारा तीन-चार अंशांवर आला की एक कमी पडते. कूलर आठ महिने खोळ घालून कोपऱ्यात उभा. पलंगाखाली सामान ठेवू नका, असंही तेच शास्त्र सांगतं. मग रजया ठेवायच्या कुठे? इथला पेटीचा दिवाण याच प्रश्नातून आलेला आहे. ठेवा दिवाणात, फक्त उन्हं देऊन, कडुनिंबाचा पाला घालून.

टाकायचं ते वेगळंच असतं. सरदारी घराण्यांत मी पाहिलंय: पणजोबांचा फुटका हुक्का, एकाच पायाची आरामखुर्ची, कुणाचा ते कुणालाही न सांगता येणारा फोटो. ते काढायला लावणं माझ्या हातातली गोष्ट नाही. मी एवढंच म्हणते, "अहो, एक भिंत पूर्वजांना देऊ, बाकी तीन जिवंत माणसांना." बहुतेक वेळा दोनवर तडजोड होते.

८. शेगडी

स्वयंपाक करणारीची पाठ दाराकडे असली की मागून कुणी आलं की ती दचकते. फेंगशुईवाले शेगडीमागे आरसा लावायला सांगतात. मी स्टीलचा पत्रा लावते. सावली दिसते आणि फोडणीचे डाग एका हातानं पुसले जातात.

९. हसणारा बुद्ध आला तर येऊ द्या

तो गौतम बुद्ध नव्हे. दहाव्या शतकातला बुदाई नावाचा चिनी भिक्षू, खांद्यावर झोळी घेऊन फिरणारा. 'लकी बांबू' बांबू नाही, तो ड्रॅसिना, मूळचा आफ्रिकेतला. हे सांगितलं की लोक थोडे हिरमुसतात, पण वस्तू हलवत नाहीत, आणि हलवूही नयेत. कुणी तरी प्रेमानं दिलेल्या असतात. कासव तर आपलंच आहे, महाराष्ट्रात देवळाच्या सभामंडपात ते देवाकडे तोंड करून शतकानुशतकं बसलंय. ते उत्तरेला वळवायचं की दक्षिणेला, हा वाद मी घरच्या वडीलधाऱ्यांवर सोडते.

पवनघंटा तेवढी नको. आंधी सुटली की रात्रभर वाजते आणि शेजारी बोलेनासे होतात.

१०. भिंत पाडायला सांगणाऱ्याला आधी छताविषयी विचारा

एका घरी कुणी तरी ईशान्येतली मोरी दोष म्हणून तिथली भिंत काढायला सांगितली होती. त्याच भिंतीवर दोन गर्डर टेकलेले होते. मिस्त्रीनं हातोडा खाली ठेवला म्हणून आज ते घर आहे.

११. मेळ्यात जाल तेव्हा मे महिना आठवा, आणि फीत बरोबर न्या

माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळा भरतो ऐन थंडीत. शाली पांघरून, हातात गरम मुंगोडे घेऊन लोक फर्निचरच्या रांगांतून फिरतात. थंडीत मखमल फार ऊबदार दिसते. मरून मखमलीचा सोफा, लोकरी गालिचा, जाड गाद्या, सगळं जानेवारीत पटतं आणि एप्रिलमध्ये त्यावर चादर पडते. बैठकीला सुती कापड आणि वेताची खुर्ची घ्या. गालिचा हवाच असेल तर गुंडाळून ठेवता येईल एवढा.

आणि मोजून घ्या. किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात ८७६ सालचा शिलालेख आहे. जगभरचे लोक त्यातलं शून्य बघायला येतात. त्यात एका बागेची मापं आहेत, २७० हात आणि १८७ हात, आणि देवाला रोज ५० माळा. शून्याचं महत्त्व मोठं आहेच, पण मला त्या माणसाचं कौतुक वाटतं ज्यानं फुलं लावण्याआधी जागा मोजली. आमच्याकडे सोफा मेळ्यातून थेट जिन्यापर्यंत येतो आणि जिन्यात अडकतो.

गेल्या मेळ्यात एक ओळखीच्या बाई भेटल्या. हातात तीन पायांचा सोनेरी बेडूक, तोंडात नाणं धरलेला. "ताई, हा दाराकडे पाठ करून ठेवायचा ना?" मी विचारलं, "पश्चिमेच्या खिडकीला चिक लावलीत का?" त्या म्हणाल्या, "ती राहूनच गेली." बेडूक त्यांनी घेतलाच. चिकवाल्याचा नंबर मी पावतीच्या मागे लिहून दिला आणि सांगितलं, "होळीच्या आधी फोन करा, नंतर तो कुणाचाच उचलत नाही."